साइड पाइपचा चटका टाळणारं हीट शील्ड: भंगारातल्या वॉशिंग मशीनच्या ड्रमपासून

हॉट रॉडमधून, म्हणजे जुन्या धाटणीच्या, दमदार इंजिनाच्या गाडीतून, उतरायचं एक तंत्र असतं. आधी दार पूर्ण उघडायचं, पाय लांब टाकायचा, पोटरी दाराखालून जाणाऱ्या धुराच्या तापलेल्या पाइपपासून दूर ठेवायची आणि मगच उभं राहायचं. गाडीच्या मालकाला ते सवयीने जमतं. पाहुण्याला जमत नाही. गेल्या वर्षी ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी, डेट्रॉइटजवळच्या वुडवर्ड ड्रीम क्रूझला, पुण्याहून आलेली माझी भाची माझ्या रोडस्टरमधून (बिनछपराच्या गाडीतून) उडी मारून उतरली आणि तिची पोटरी साइड पाइपला टेकली. क्षणभरच टेकली असेल, पण बोटभर लांबीचा फोड आला. शेल्बी कोब्रा या साइड पाइपवाल्या स्पोर्ट्स कारच्या मालकांनी या चटक्याला ‘सर्पदंश’ असं नाव दिलंय. नाव ऐटदार आहे, पण मला त्या दिवशी फार अपराधी वाटलं.

गाडी 1932च्या फोर्डच्या धाटणीची आहे. बॉडी फायबरग्लासची, इंजिन शेव्हरोलेचं 350 घनइंचाचं व्ही-8, आणि दोन्ही बाजूंना दारांखालून मागे जाणारे चार इंची पाइप. तयार हीट शील्ड (पाइपची उष्णता अडवणारी आवरणं) बाजारात मिळतात, पण दोन्ही बाजूंच्या जोडीची किंमत माझ्या महिन्याच्या किराण्याच्या आसपास जात होती. माझे वडील सांगलीत पत्र्याचं काम करायचे. बंब, धान्याच्या कोठ्या, पाण्याच्या टाक्या बनवायचे. मुडपलेल्या कडेवर हात फिरवून काम चांगलं की कच्चं हे ओळखायला मी त्यांच्या दुकानात शिकले. म्हणून ठरवलं की हे घरीच करायचं. दोन्ही बाजूंचं मिळून मला सत्तर डॉलरच्या आत पडलं, आणि त्यातले बहुतेक क्लिपा आणि स्टेनलेसच्या नट-बोल्टवर गेले.

आधी पाइप खरोखर तापतो का ते पाहा

दक्षिण कॅलिफोर्नियातल्या मुरॉक आणि एल मिराज या कोरड्या तलावांवर शर्यती चालायच्या. तिथूनच या पाइपांना ‘लेक पाइप’ हे नाव पडलं. तोंडाला झाकण लावायचं, रस्त्यावर धूर नेहमीच्या सायलेन्सरमधून खालून सोडायचा, आणि तलावावर पोचलं की झाकण काढायचं, अशी ती सोय होती. आजही कित्येक गाड्यांवर असे झाकणबंद पाइप असतात. त्यांच्यातून धूर वाहत नसल्याने ते फक्त पुढच्या टोकाशी तापतात आणि तिथे फूटभर शील्ड पुरतं. तुमच्या पाइपातून सगळा धूर जात असेल, तर मात्र दारासमोरची पूर्ण लांबी झाकावी लागेल.

मोजण्यासाठी स्वस्त इन्फ्रारेड थर्मामीटर चालतो, पण तो क्रोमवर फसतो. चकचकीत धातू स्वतः फार कमी उष्णता किरणांनी सोडतो आणि आजूबाजूचीच परावर्तित करतो, म्हणून 250 अंशांचा क्रोम पाइप 80 अंश दाखवू शकतो. उपाय सोपा आहे. पाइपच्या खालच्या, न दिसणाऱ्या बाजूला उष्णतेला टिकणाऱ्या काळ्या मॅट रंगाचे रुपयाएवढे तीन ठिपके मारा. एक पुढे, एक दाराच्या मध्यावर, एक मागे. रंग वाळला की वीस मिनिटं गाडी चालवून आणा आणि थांबल्याबरोबर ठिपक्यांवर मोजा. माझ्या गाडीत दारासमोर 280 अंश सेल्सियस भरले.

आकडा फारच जास्त आला तर शील्डकडे वळण्याआधी इग्निशनचं टायमिंग तपासा. ठिणगी उशिरा पडत असेल तर जळण सिलिंडरमध्ये पुरं होत नाही, उरलेली उष्णता पाइपात जाते. मिश्रणात पेट्रोल कमी पडत असेल तर तेही पाहा. सांध्यांच्या गॅस्केटमधून (सांध्यात बसवलेल्या चपट्या पॅकिंगमधून) गळती आहे का हे गाडी थंड असताना सुरू करून, सांध्याभोवती हात फिरवून कळतं. गळती असेल तर ती आधी दुरुस्त करा. त्या गरम झोतासमोर कुठलंही शील्ड टिकणार नाही, आणि उघड्या गाडीत कार्बन मोनॉक्साइड आत ओढला जाण्याचा धोका असतोच. जुन्या गाडीचं मूळ गॅस्केट खरवडायची वेळ आली, तर त्यात अॅस्बेस्टॉस आहे असंच धरून चाला. ओलं करून काढा, कोरडं घासू नका.

काम कोण करतं: पत्रा की हवा

या सगळ्या कामातलं महत्त्वाचं हे आहे, म्हणून इथे थोडी थांबते. 280 अंशांच्या पाइपवर पत्रा थेट गुंडाळला तर पाच मिनिटांत पत्राही तितकाच तापतो. चटका तोच, फक्त वरून. पत्रा आणि पाइप यांच्यामधली हवेची फट हीच खरी आड आहे. पत्रा फक्त त्या फटीला धरून ठेवतो आणि किरणांनी येणारी उष्णता अडवतो.

किरणांची उष्णता निरपेक्ष तापमानाच्या (सेल्सियस अधिक 273) चौथ्या घाताने वाढते. 300 अंशांचा पाइप 100 अंशांच्या पाइपपेक्षा साडेपाच पट उष्णता बाहेर फेकतो. मध्ये एक पत्रा आला की ती ढोबळमानाने निम्मी होते, दोन पत्रे आले की एक तृतीयांश, आणि पत्रा चकचकीत असेल तर त्याहूनही कमी. म्हणून एका जाड पत्र्यापेक्षा फट ठेवून लावलेले दोन पातळ पत्रे कितीतरी चांगले. आणि फटीतली हवा हलती राहिली पाहिजे. खालून गार हवा शिरावी, वरून तापलेली निघावी. बंबाची चिमणी चालते तसंच.

किरणं आणि हवा यांच्यानंतर उष्णतेचा तिसरा रस्ता म्हणजे शील्ड धरून ठेवणारे पाय. उष्णता धातूतून चालत येते ती इथूनच. स्टेनलेसची उष्णता वाहून नेण्याची क्षमता साध्या पोलादाच्या साधारण एक तृतीयांश आणि अॅल्युमिनियमच्या एक दशांशाहूनही कमी असते. त्यामुळे पाय स्टेनलेसचेच घ्या, अरुंद ठेवा, आणि लागतील त्यापेक्षा जास्त लावू नका.

किती गार झालं म्हणजे पुरे? उघड्या धातूला एक सेकंद कातडी टेकली तर साधारण 65 ते 70 अंशांपासून भाजायला सुरुवात होते. दहा सेकंद टेकली तर 55च्या आसपासच. उतरताना पाय टेकतो तो क्षणभर. म्हणून 70च्या आत आणणं हे माझं उद्दिष्ट होतं.

पत्रा कुठून आणायचा

जस्ती पत्रा स्वस्त असला तरी नको. 200 अंशांच्या पलीकडे जस्ताचा थर टिकत नाही, आणि जास्त तापला तर त्याचा धूर छातीला वाईट. चमकदार पिवळट थर दिलेले जुने बोल्टही टाळा, त्यावर कॅडमियम असू शकतं. पाइपभोवती गुंडाळायची काचतंतूंची पट्टी अनेक जण सुचवतात. मी ती साइड पाइपवर वापरणार नाही. ती पावसाचं पाणी धरून ठेवते आणि आतून पाइप गंजतो. तेल सांडलं तर तेही शोषते, आणि तेलात भिजलेली पट्टी पेट घेऊ शकते.

मला हवा होता छिद्रांचा स्टेनलेस पत्रा, आणि तो मला भंगारात फुकट मिळाला. वॉशिंग मशीनचा ड्रम. पुढून दार असलेल्या मशीनच्या ड्रमचा पत्रा साधारण अर्धा मिलिमीटर जाड असतो, घेर दीड मीटरच्या आसपास. म्हणजे तो कापून उलगडला की एका बाजूच्या शील्डला पुरेल एवढी पट्टी हातात येते. दोन्ही बाजूंना दोन ड्रम लागतात. चुंबक चिकटला तरी काळजी नको, ते दुसऱ्या जातीचं स्टेनलेस, या कामाला तितकंच चालतं. उलट ते गरम झाल्यावर कमी फुगतं. फक्त ड्रम जुन्या साध्या धाटणीचा शोधा. नव्या मशीनमध्ये मधमाश्यांच्या पोळ्यासारखी उठावदार नक्षी असते, तो पत्रा नीट वाकत नाही.

वरून कपडे टाकायच्या मशीनचा ड्रम घेतला, तर त्याच्या तोंडाशी प्लास्टिकचं एक जाड कडं असतं. तोल सांभाळण्यासाठी त्यात खारं पाणी भरलेलं असतं. ते अंगणात, नळाजवळ काढा आणि पत्रा लगेच धुवा.

कापणं

ड्रमच्या मागचा तीन पायांचा अॅल्युमिनियमचा आधार बोल्ट काढून वेगळा करा. आतल्या प्लास्टिकच्या पट्ट्या काढा. मग ग्राइंडरला एक मिलिमीटरची पातळ चकती लावून दोन्ही बाजूंच्या मुडपलेल्या सांध्यांच्या आतून गोल कापत जा, आणि शेवटी उभ्या सांध्याशेजारून एक सरळ काप द्या. आधी पूर्ण उघडू नका, नाहीतर पत्रा स्प्रिंगसारखा उसळतो. तो उसळून मनगटाला लागू शकतो. शेवटचा बोटभर भाग कात्रीने कापा, आणि तेव्हा पत्र्याला दोन ठिकाणी दोरी बांधून ठेवा. जाड चामड्याचे मोजे आणि डोळ्यांवर चष्मा हे गृहीतच धरते.

चकती नवी घ्या. साधं लोखंड कापलेली चकती स्टेनलेसवर चालवली तर लोखंडाचे कण रुततात आणि महिन्याभरात गंजाचे ठिपके दिसू लागतात.

मापं आणि नमुना

माझा पाइप बाहेरून 102 मिमी व्यासाचा, म्हणजे त्रिज्या 51. फट 15 मिमी धरली, की शील्डची त्रिज्या 66. अर्धवर्तुळ झाकायला 66 गुणिले 3.14, म्हणजे 207 मिमी रुंदी. दोन्ही कडा 10 मिमी मुडपायच्या, त्याचे 20. एकूण 227. मी 230ला कापला. तुमच्या पाइपला हाच हिशेब करा. फट 12पेक्षा कमी नको, 20पेक्षा जास्त केली तर शील्ड अंगावर येतं आणि दिसायलाही पाइप सुजल्यासारखा दिसतो.

पत्र्याला हात लावण्याआधी सीरिअलच्या खोक्याच्या पुठ्ठ्याचा नमुना करा, पाइपवर लावून पाहा, आणि गाडीत बसून-उतरून बघा. अर्धवर्तुळ म्हणजे पाइपच्या बाहेरच्या बाजूला मधोमध असं नाही. पाय टेकतो तो वरून आणि बाहेरून, म्हणून शील्ड वरच्या बाजूला थोडं फिरवायचं. घड्याळाच्या तबकड्यावर सांगायचं तर, बाहेरची बाजू 3 धरली, तर शील्ड 11पासून 5पर्यंत यावं. खालची बाजू उघडी राहते, हवा तिथूनच येते. दार उघडताना शील्डला घासत नाही ना, हेही पुठ्ठ्यानेच कळेल.

मुडपणं आणि वाकवणं

छिद्रांमधून काप गेला की कड करवतीसारखी होते. तशी ठेवली तर चटक्याऐवजी पोटरी कापेल. म्हणून लांब कडा मुडपायच्याच. पत्रा सपाट असताना दोन लोखंडी अँगलमध्ये धरा, 10 मिमी बाहेर ठेवा, लाकडी हातोडीने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत थोडं थोडं खाली बसवत जा. एका जागी पूर्ण वाकवून पुढे गेलात तर कड नागमोडी होते. काटकोन झाला की अँगल काढून, खाली लाकूड ठेवून पूर्ण दाबा. मुडप पाइपच्या बाजूला यावी.

बाजू निवडताना एक गोष्ट लक्षात ठेवा. ड्रमची छिद्रं कपडे अडकू नयेत म्हणून अशी पाडलेली असतात, की आतली बाजू गुळगुळीत आणि बाहेरची बाजू खरखरीत. शील्डमध्ये ड्रमची आतली बाजू बाहेर आणायची. साडीचा काठ किंवा ओढणी त्यावरून सहज सरकली पाहिजे.

वाकवायला साचा म्हणून मी चार इंची सांडपाण्याचा पीव्हीसी पाइप घेतला. नाव चार इंची असलं तरी त्याचा बाहेरचा व्यास साडेचार इंच, म्हणजे 114 मिमी असतो. त्रिज्या 57. स्टेनलेस वाकवून सोडला की परत उलगडतो, त्यामुळे 57वर वाकवलेला पत्रा 66च्या जवळ येऊन थांबतो. पाइप जमिनीवर घट्ट बसवा, त्यावर पत्रा ठेवा, सामान बांधायचे तीन रॅचेट पट्टे वरून घाला आणि तिन्ही आळीपाळीने आवळत जा. मध्ये मध्ये तळहाताने दाबा. हातोडा मारू नका, प्रत्येक घाव उन्हात चमकतो.

टोकाच्या गोल कडा मुडपता येत नाहीत. तिथे काप छिद्रांच्या दोन ओळींमधल्या कोऱ्या पट्टीवर घ्या, कोपरे गोल करा आणि कानशीने घासून बोट फिरवलं तरी लागणार नाही इतके मऊ करा. मी यावर अख्खी संध्याकाळ घालवली.

पाय बसवणं

सव्वा मीटरच्या शील्डला तीन जागी पाय पुरतात. प्रत्येक पाय म्हणजे 20 मिमी रुंद स्टेनलेसच्या पट्टीचा झेडसारखा तुकडा. एक टोक पाइपवर होज क्लिपखाली (स्क्रूने आवळायच्या गोल पट्ट्याखाली) दाबलेलं, मधली उंची 15 मिमी, दुसऱ्या टोकाला 6 मिमी बोल्टचं भोक. क्लिप पूर्ण स्टेनलेसच्या घ्या. काहींचा पट्टा स्टेनलेस आणि स्क्रू साधा असतो, तो एका पावसाळ्यात अडकून बसतो. क्लिपचा स्क्रू खाली, नजरेआड फिरवा. पाइपला काहीही वेल्ड करू नका. क्रोम जळतो आणि थरथरीने नेमका तिथेच तडा जातो.

आता फुगण्याचा हिशेब. 120 सेंमी लांबीचा पोलादी पाइप 260 अंशांनी तापला की पावणेचार मिलिमीटर लांब होतो. शील्ड त्या मानाने गार राहतं, एकच मिलिमीटर वाढतं. हा पावणेतीन मिलिमीटरचा फरक कुठेतरी जायला हवा. सगळे पाय घट्ट आवळले तर शील्ड कमानीसारखं वाकतं, कुरकुरतं आणि शेवटी बोल्टपाशी फाटतं. म्हणून पुढच्या पायाला गोल भोक, आणि बाकी दोन पायांना 12 मिमी लांबीची उभट खाच, पाइपच्या दिशेने. खाचेतले बोल्ट वायसर घालून आवळा, मग पाव फेरा सैल सोडा.

म्हणूनच इथे साधा नट चालत नाही, तो सुटतो. आत नायलॉनचं कडं असलेला लॉकनटही चालत नाही, नायलॉन उष्णतेने मऊ पडतं. पूर्ण धातूचा लॉकनट घ्या, नाहीतर एकावर एक दोन नट आवळा. स्टेनलेसचा बोल्ट स्टेनलेसच्या नटात आटे खाऊन कायमचा अडकू शकतो, तेव्हा आट्यांना निकेलवालं अँटीसीझ (आटे अडकू न देणारं वंगण) लावा.

आतला दुसरा पत्रा

एवढं करून गाडी फिरवून आणली तर माझं शील्ड 110 अंशांवर आलं. 280वरून 110 ही मोठी उतरण, पण पुरेशी नाही. कारण छिद्रांमधून किरणं सरळ बाहेर येत होती. मग मी स्वयंपाकघरातला जुना अॅल्युमिनियमचा बेकिंग ट्रे कापला. त्याची 10 सेंमी रुंद पट्टी शील्डच्या आतून, शील्डपासून 5 मिमी अंतरावर, त्याच बोल्टांवर छोटे स्टेनलेसचे स्पेसर घालून बसवली. चकचकीत बाजू पाइपकडे. चिकट न होणारा काळा थर असलेला ट्रे घेऊ नका, तो थर तापून धूर सोडतो. अॅल्युमिनियम 660 अंशांना वितळतं, त्यामुळे फटीत ते सुरक्षित आहे, पण पाइपला टेकू देऊ नका.

ही पट्टी फक्त बाहेरच्या बाजूला, 2 ते 5 या भागात लावा. वरचा भाग छिद्रांचाच मोकळा राहू द्या, नाहीतर गरम हवा आत कोंडते आणि सगळी मेहनत वाया जाते. यानंतर बाहेरच्या बाजूला 68 अंश आले. शिवाय पातळ पत्र्यात साठलेली उष्णताच कमी असते, त्यामुळे त्याच तापमानाच्या जाड पाइपइतका तो भाजत नाही आणि थांबल्यावर दोन-तीन मिनिटांत कोमट होतो. उतरलेला पाय मात्र वरच्या मोकळ्या भागावर टेकू नये. तिथे 90च्या आसपास असतं, हे मी प्रत्येक पाहुण्याला अजूनही सांगते.

मोजताना इथे इन्फ्रारेड थर्मामीटर विसरा. तो छिद्रांमधून मागच्या पाइपचंही तापमान उचलतो. मल्टिमीटरला जोडायचा के-टाइप तारेचा, तापमान मोजणारा प्रोब मिळतो, तो पत्र्याला टेकवून मोजा.

फायबरग्लासची बॉडी असेल तर पाइपच्या दुसऱ्या बाजूचाही विचार करा. बॉडीतली राळ उष्णतेने मऊ पडते आणि रंगाला फोड येतात. दाराखालच्या पट्टीला ट्रेचा उरलेला तुकडा 6 मिमीच्या स्पेसरवर बसवला की भागतं.

चाचणी

पहिल्यांदा सुरू केल्यावर थोडा धूर येईल. तो हाताच्या घामाचा आणि तेलाचा असतो. आधीच थिनरने पुसून, पूर्ण वाळू दिलं असेल तर तोही कमी. उभ्या गाडीत पंधरा मिनिटं, मग वीस मिनिटं रस्त्यावर. परत आल्यावर शील्ड पाइपला कुठे टेकलं आहे का ते पाहा. टेकलेल्या जागी रंग बदललेला दिसतो. खडखड येत असेल तर इंजिनचे फेरे हळूहळू वाढवा, कोणत्या फेऱ्यांना आवाज येतो ते धरा, आणि लांब लाकडी काठीने शील्ड जागोजागी दाबून पाहा. दाबल्यावर आवाज थांबेल तिथे चौथा पाय हवा. पहिल्या 50 किलोमीटरनंतर होज क्लिपा पुन्हा आवळा. तापून-निवून त्या हमखास सैल पडतात.

एवढं करूनही कुणाला चटका बसलाच, तर भाजलेली जागा लगेच नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरा, वीस मिनिटं. बर्फ नको. टूथपेस्ट, हळद, तूप, शाई यांतलं काही लावू नका. आमच्या गाडीतल्या तिघींनी त्या दिवशी तिघींची तीन औषधं सुचवली होती, पण पाण्याची बाटली कुणालाच सुचली नाही. आता सीटखाली दोन बाटल्या कायम असतात.

आणि मिशिगनमध्ये राहणाऱ्यांसाठी आणखी एक. गाडी नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत गॅरेजमध्ये झाकलेली असते आणि शील्डमागची ती 15 मिलिमीटरची फट उंदरांना फार आवडते. यंदा वसंतात झाकण काढलं, तर डाव्या बाजूच्या शील्डमागे सुकी पानं आणि सीटमधला कापूस यांचं नीट विणलेलं घरटं होतं. पहिल्यांदा चावी फिरवण्याआधी दोन्ही शील्ड सोडवा, फट ब्रशने साफ करा, आतली पट्टी पुसून चकचकीत करा आणि मगच इंजिन सुरू करा.